पाळणाघरातला न खाणारा चिमुरडा: नव्याने कामाला लागलेल्या ताईंसाठी

दुपारचे बारा. आठ मुलं टेबलाभोवती बसलेली. सात जणांचे चमचे चालू आहेत, काहींचं अन्न तोंडात जातंय, काहींचं बिबवर सांडतंय. आठव्याने मात्र ओठ घट्ट मिटून मान भिंतीकडे फिरवली आहे. अशा वेळी नव्या ताईच्या हातून हटकून एकच गोष्ट होते. ती चमचा भरते आणि त्याच्या तोंडापाशी नेते. तो मान आणखी वळवतो, चमचा मागे मागे जातो, आणि पाचव्या मिनिटाला दोघांनाही रडू येण्याची वेळ येते.

मी पाळणाघरात अनेक वर्षं काम केलंय आणि नव्या ताईंना शिकवताना सुरुवात नेहमी इथूनच करते: तो चमचा खाली ठेवा. मूल जेवायला लागावं म्हणून करण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्यातलं बहुतेक काम घास तोंडापाशी येण्याच्या कितीतरी आधी करायचं असतं.

पहिली पायरी: भूक का कमी झाली ते समजून घ्या

पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या वेळच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या संपूर्ण वर्षात ते जेमतेम दोन-अडीच किलोंनी वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. आठ महिन्यांचं असताना वाटी चाटूनपुसून खाणारं मूल दीड वर्षाचं झाल्यावर तीन घासांत उठून जातं, तेव्हा बरेचदा यापलीकडे काही झालेलं नसतं.

त्यात याच सुमाराला अनोळखी पदार्थाची भीती सुरू होते. साधारण दीड-दोन वर्षांपासून ती वाढत जाते आणि सहाव्या वर्षापर्यंत कमी-जास्त राहते. मूल चालायला लागलं की दिसेल ते तोंडात घालू शकतं. त्या वयात नव्या चवीवर पटकन विश्वास न ठेवणं हे त्याचं संरक्षणच आहे, असं अभ्यासक मानतात. कडू चवही लहान मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त जाणवते, म्हणून हिरव्या भाज्यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. हे एकदा मनात पक्कं बसलं की मुलाला ‘हट्टी’ आणि आईला ‘लाडावणारी’ म्हणणं आपोआप थांबतं.

आणखी एक गोष्ट. लहान मुलांचं खाणं एका जेवणावरून कधीच मोजू नये. सकाळी भरपूर, दुपारी काहीच नाही, संध्याकाळी पुन्हा भरपूर, असं ती खातात आणि तरी दिवसभराची बेरीज बरीचशी जुळते. आपल्याला पाळणाघरात त्यातला एकच तुकडा दिसतो.

दुसरी पायरी: कुणाचं काम कोणतं ते ठरवा

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी मांडलेली एक विभागणी मुलांना भरवणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावी अशी आहे. काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कुठे बसून द्यायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती खायचं, हे मुलाने. आपण आपली तीन कामं चोख करायची आणि त्याच्या दोन कामांत हात घालायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात पहिले पंधरा दिवस हात शिवशिवतात.

मुलांच्या भुकेवर एवढा विश्वास कसा ठेवायचा, असं वाटणाऱ्यांसाठी एक जुना प्रयोग सांगते. क्लारा डेव्हिस या डॉक्टर बाईंनी १९२६ साली तो अमेरिकेत सुरू केला. नुकतीच दूध सुटलेली एकूण पंधरा बाळं त्यात होती. त्यांच्यासमोर रोज वेगवेगळे साधे पदार्थ मांडले जायचे. शेजारी परिचारिका चमचा घेऊन गप्प बसायची. बाळाने बोट दाखवलं किंवा हात पुढे केला तरच तिने भरवायचं, आग्रह मुळीच नाही. मुलांनी काय काय चमत्कारिक जोड्या जमवून खाल्ल्या, पण सगळी छान वाढली. मात्र या प्रयोगाची मेख पदार्थांच्या यादीत होती, हे खुद्द डेव्हिस बाईंनीच सांगितलं आहे. यादीत गोडधोड किंवा डबाबंद असं काही नव्हतंच, त्यामुळे मुलांनी काहीही निवडलं तरी ते सकसच असायचं. निवड मुलाची, पण कशातून निवडायचं ते मोठ्यांनी आधीच ठरवलेलं. आपल्या टेबलावरही हेच करायचंय.

तिसरी पायरी: मूल यायला लागण्याआधी आई-बाबांशी बसून बोला

दारात उभ्या उभ्या नाही, दहा मिनिटं बसून. सकाळी उठल्यावर दूध किती पितो, किती वाजता? मधल्या वेळात काय चालू असतं? घरी कोणते पाच पदार्थ कुरकुर न करता खातो? मऊ आवडतं की कुरकुरीत? घरी स्वतःच्या हाताने खातो की भरवावं लागतं? जेवताना मोबाइल लागतो का? हा शेवटचा प्रश्न हळुवारपणे विचारा. लोकांना त्याची लाज वाटते आणि मग खरं उत्तर मिळत नाही.

ॲलर्जीची माहिती मात्र तोंडी घेऊन भागत नाही. कोणता पदार्थ, खाल्ला तर काय होतं, कोणतं औषध द्यायचं आणि कुणाला फोन करायचा, हे लिहून घ्या आणि स्वयंपाकघरात व जेवणाच्या खोलीत, दोन्हीकडे लावा.

दुधाकडे विशेष लक्ष द्या. वर्ष उलटलेल्या मुलाला दिवसाला साधारण अर्धा लिटर दूध पुरतं. त्याहून बरंच जास्त दूध पिणाऱ्या मुलाच्या पोटात जेवणाला जागा उरत नाही, आणि दुधात लोह फारच कमी असल्याने रक्त कमी होण्याचा धोकाही असतो. ‘काहीच खात नाही’ म्हणून आलेली कितीतरी मुलं प्रत्यक्षात बाटलीवर पोट भरत होती. फळांच्या रसाचंही तेच. एक वर्षाच्या आत रस नकोच. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसात अर्धा कप पुरे, आणि रसापेक्षा अख्खं फळ कधीही बरं.

चौथी पायरी: वेळापत्रक आणि खुर्ची

खाण्याच्या दोन वेळांत अडीच ते तीन तासांचं अंतर ठेवा आणि मध्ये फक्त पाणी. बिस्कीट नाही, दुधाचा घोट नाही, ‘रडतोय म्हणून जरासं काहीतरी’ही नाही. थोडी भूक लागलेलं मूल नव्या पदार्थाकडे निदान बघतं तरी. पण उलटंही खरं आहे: फार उशीर झाला, मूल पेंगुळलं, की ते काहीच खात नाही. एखादं मूल रोज जेवणाच्या ताटावर रडत असेल तर आधी घड्याळ बघा. जेवण अर्धा तास अलीकडे घेतल्यावर रडणं बंद झालेलं मी पुष्कळदा पाहिलंय.

खेळातून थेट ताटावर आणू नका. पाच मिनिटं आधी सांगा, मग हात धुणं, मग आपापली जागा. रोज त्याच क्रमाने. जेवणाला वीस ते तीस मिनिटं, मधल्या खाण्याला पंधरा. वेळ झाली की ताट शांतपणे उचला, राग नाही, सुस्कारा नाही.

आता खुर्ची. जेवणाबद्दल बोलताना हिचा विषय कुणी काढत नाही, म्हणून मी थोडं थांबून सांगते. एकदा खाली वाकून टेबलाखाली बघा. ज्या मुलाचे पाय हवेत लोंबकळतायत, ते सारखं सरकतंय, एका हाताने कड धरून बसलंय, दर दोन मिनिटांनी उतरू पाहतंय. ज्याचे पाय काहीतरी टेकून आहेत, त्याची कंबर स्थिर आहे आणि दोन्ही हात मोकळे आहेत. चावणं-गिळणं हे या वयात कष्टाचं काम आहे आणि डुगडुगत्या शरीराला ते जमत नाही. पायाखाली एखादा ठोकळा किंवा घट्ट चिकटपट्टीने बांधलेला जुन्या मासिकांचा गठ्ठा ठेवा. गुडघे काटकोनात यावेत आणि टेबल त्याच्या कोपराच्या उंचीला असावं. ‘एका जागी बसतच नाही’ अशी तक्रार असलेली निम्मी मुलं एवढ्यानेच बसायला लागतात, हा माझा अनुभव आहे.

पाचवी पायरी: ताटात काय आणि किती

मोठ्यांच्या नजरेने वाढू नका. प्रत्येक पदार्थ वयाच्या दर वर्षाला एक मोठा चमचा, एवढंच सुरुवातीला पुरे. म्हणजे दोन वर्षांच्या मुलाला दोन चमचे भात, दोन चमचे डाळ, दोन चमचे भाजी. भरलेलं ताट बघूनच काही मुलं मागे सरतात. थोडं वाढलं की ते संपतं, आणि ‘अजून’ म्हणण्याचा आनंद त्याला मिळतो.

प्रत्येक जेवणात त्याच्या ओळखीचा, हमखास खाल्ला जाणारा निदान एक पदार्थ असू द्या. मग नवा पदार्थ शेजारी आला तरी त्याला संकटात सापडल्यासारखं वाटत नाही. नवा पदार्थ अगदी कणभर: एक वाटाणा, गाजराची एक चकती. पदार्थ एकमेकांत मिसळू देऊ नका; पुष्कळ मुलांना एकाला दुसरं लागलेलं चालत नाही. फळ असेल तर तेही त्याच ताटात, इतर पदार्थांबरोबर. ‘आधी भाजी, मग केळं’ म्हटलं की केळं बक्षीस होतं आणि भाजी शिक्षा.

न खाल्ल्यास दुसरा खास पदार्थ करून आणू नका. भाजी वाटून पिठात किंवा डाळीत मिसळायला माझी हरकत नाही, पोटात काहीतरी जातं. पण तीच भाजी उघड्या रूपातही ताटात दिसली पाहिजे, नाहीतर तिची ओळख कधीच होणार नाही.

कापण्याच्या बाबतीत तडजोड नाही. द्राक्षं उभी चिरून चार तुकडे. कच्चं गाजर, कच्चं सफरचंद किसून किंवा शिजवून मऊ करून. वाटाणे शिजवून बोटाने जरा दाबून. अख्खे दाणे आणि सुकामेवा पाच वर्षांपर्यंत नाही. पूड करून किंवा पातळ थर लावून चालेल. लाह्या, कडक गोळ्या नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. मूल बसूनच खाईल, चालताना किंवा लोळत नाही, आणि खाताना एक मोठं माणूस कायम समोर हवं. उबळ येणं आणि घशात अडकणं यांतला फरक शिकून घ्या: उबळ आली की आवाज होतो, चेहरा लाल होतो आणि मूल स्वतःच घास पुढे ढकलतं. अडकलं की आवाज बंद होतो, खोकताही येत नाही. अशा वेळी काय करायचं याचं प्रथमोपचाराचं प्रत्यक्ष प्रशिक्षण घेतल्याशिवाय जेवणाच्या टेबलावर एकटीने थांबू नका.

सहावी पायरी: काय बोलायचं

२००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांना सूप दिलं जायचं. एका सुपाच्या वेळी त्यांना ‘सूप संपव’ असं सारखं सांगायचे, दुसऱ्याच्या वेळी कुणी काही बोलायचं नाही. जिथे टोचणी होती तिथे मुलांनी सूप कमी प्यायलं आणि त्याबद्दल नाराजीही जास्त दाखवली. हे वाचलं तेव्हा मला फार हायसं वाटलं, कारण रोज दिसत तेच होतं. आग्रह गोड शब्दांत केला तरी मुलाला तो कळतो. चमच्याचं विमान हाही आग्रहच आहे.

मग काय म्हणायचं? ‘हे गाजर आहे. बघ, नारिंगी आहे.’ ‘आज जरा मऊ झालंय.’ ‘तुला नको? बरं, ताटात राहू दे.’ आणि त्यानंतर खरोखर दुसऱ्या विषयाकडे वळायचं. ‘शहाणं माझं बाळ, सगळं संपवलं’ हेही नको. उद्या भूक कमी असली तर ते बाळ शहाणं राहत नाही का? शेजारच्या मुलाशी तुलना तर कधीच नको.

मूल थांबलं की विचारा, ‘पोट भरलं?’ आणि ‘हो’ला ‘हो’ माना. शेवटचे दोन घास कोंबण्याने त्याला पोट भरल्याची खूण ओळखायला शिकता येत नाही.

अन्न फेकलं तर एकदाच सांगा, ‘नको असेल तर या वाटीत ठेव.’ पुन्हा फेकलं तर जेवण संपलं असं समजून ताट उचला. मोबाइल आणि टीव्ही बंद. यावर अधिक बोलण्यासारखं काही नाही.

सातवी पायरी: ओळख होऊ द्या, दिवस मोजा

नवा पदार्थ मूल स्वीकारतं तोवर तो आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो. बहुतेक मोठी माणसं तीन-चार वेळांतच ‘याला आवडत नाही’ असं ठरवून मोकळी होतात.

एक पावणेदोन वर्षांची मुलगी आमच्याकडे होती. हिरवं काही दिसलं की ताट ढकलायची. आम्ही तिच्या ताटात रोज नाही, पण दर दोन-तीन दिवसांनी, एकच वाटाणा ठेवायला लागलो. पहिल्या वेळी तिने तो उचलून टेबलावर ठेवला. आम्ही काही बोललो नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळीही तेच. पाचव्या वेळी बोटाने दाबला, साल सुटलं, आतले दोन हिरवे भाग बाहेर आले, आणि ती पूर्ण जेवणभर तेवढ्याकडेच बघत राहिली. नंतर एकदा ओठाला लावून परत ठेवला. एकदा तोंडात घातला आणि थुंकला. शेजारी ठेवलेल्या वाटीत थुंकली, म्हणून मला त्यात प्रगती दिसली. अकराव्या वेळी तिने तो गिळला आणि माझ्याकडे न बघता शेजारच्या मुलाच्या ताटात हात घालून दुसरा उचलला.

बघणं, टेबलावर सहन करणं, हात लावणं, हुंगणं, चाटणं, थुंकणं: या सगळ्या खाण्याच्याच पायऱ्या आहेत. भिंतीवर कागद लावा आणि प्रत्येक नव्या पदार्थासमोर तारीख टाका, त्या दिवशी मूल कुठल्या पायरीवर होतं तेही. मनात मोजलं की अकरावी वेळ येण्याआधीच आपला धीर सुटतो. जेवणाच्या टेबलाबाहेरही ओळख वाढवा. शेंगा सोलू द्या, पालेभाजीची पानं खुडू द्या, फळं टोपलीत भरू द्या. तिथे खायचं ओझं नसतं, म्हणून हात मोकळेपणाने जातात.

आठवी पायरी: शेजारी कोण बसलंय?

घरी नसलेली आणि पाळणाघरात असलेली मोठी ताकद म्हणजे इतर मुलं. लीॲन बर्च या संशोधक बाईंनी १९८० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या मुलाला एक भाजी नकोशी होती, त्याला ती भाजी आवडीने खाणाऱ्या मुलांमध्ये काही दिवस जेवायला बसवलं. चारच दिवसांत ते मूल नकोशी भाजी निवडायला लागलं. तिथे कुणीही त्याला काही सांगितलं नव्हतं.

म्हणून बसण्याच्या जागा विचार करून ठरवा. न खाणाऱ्याच्या समोर किंवा शेजारी मनापासून खाणारं, जरा मोठं मूल बसवा. दोन न खाणारी शेजारी शेजारी नकोत, कारण नकारही तितकाच पटकन पसरतो. आणि ताई, तुम्हीही बसा. उभ्याने देखरेख न करता त्याच टेबलावर, तेच अन्न, मुलांबरोबर खा. थोडी मोठी मुलं असतील तर मधे भांडं ठेवून त्यांना छोट्या पळीने स्वतः वाढून घेऊ द्या. सांडेल. खाली कापड अंथरा.

डॉक्टरांकडे कधी पाठवायचं

बहुतेक नखरे वयाबरोबर निवळतात. पण वजन वाढणं थांबलं किंवा कमी झालं. खाल्ले जाणारे पदार्थ वीसच्याही खाली आले आणि यादी आणखी आखडत चालली. सगळी फळं किंवा सगळे डाळी-अंड्यांसारखे पदार्थ पूर्ण बंद झाले. जेवताना वारंवार खोकला, उबळ, उलटी होते. मूल फिकट आणि मलूल दिसतं. माती किंवा खडू खातं. नाहीतर जेवणाची खोली दिसताच घाबरून रडतं: यांतलं काहीही दिसलं तर वाट न बघता आई-बाबांना बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगा. तुमचा तारखांचा कागद त्यांच्यासोबत द्या. डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो.

संध्याकाळी दारात

दिवसभर सगळं नीट करून इथे गडबड होते. आई थकून आलेली असते आणि पहिला प्रश्न येतो, ‘जेवला का?’ मूल तिच्या कडेवर असतं आणि सगळं ऐकत असतं. ‘आज काहीच नाही खाल्लं’ म्हटलं की रात्री घरी चमचा घेऊन पाठलाग सुरू होतो, आणि ‘सगळं खाल्लं’ हे खोटं सांगितलं तर तुमच्यावरचा विश्वास जातो.

जे घडलं तेच नेमकं सांगा. ‘दुपारी भात दोनदा मागून घेतला, डाळीला हात लावला नाही. गाजर हातात धरून बघत होता. साडेतीनला केळं आणि दही पूर्ण संपवलं.’ शक्यतो हे वहीत लिहून द्या, म्हणजे मुलासमोर चर्चा नको. आणि नव्या आई-बाबांना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा, की आम्ही भरवणार नाही, कोंबणार नाही, पण प्रत्येक जेवणाला तुमच्या बाळाशेजारी बसू.